सेलच्या बोर्डासमोर हिराजीकाका

सेलचा बोर्ड दिसला की माणसं दुकानात शिरतात. आमचे हिराजीकाका रस्ता ओलांडून दुकानाच्या बरोबर समोर जाऊन उभे राहतात. हात मागे बांधलेले, टोपी डोळ्यांवर ओढलेली, आणि नजर मालावर नाही, दुकानदाराच्या तोंडावर. दहा मिनिटं, वीस मिनिटं. शेवटी दुकानदारालाच कसंतरी व्हायला लागतं. तो बाहेर येऊन म्हणतो, "या ना काका, आत या." काका मान हलवतात आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला हलक्या आवाजात सांगतात, "घाबरलाय. ऊन चढू दे. अजून उतरंल."

शेजारी बऱ्याचदा मी असते.

काका आमच्या कोळीवाड्यात भिंतीला भिंत लागून राहतात आणि बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतात. चाळीस वर्षं झाली. होड्या पहाटे लागतात. पहिल्या टोपलीला जो भाव येतो तो नऊ वाजताच्या टोपलीला येत नाही. तोवर ऊन चढलेलं असतं, बर्फ वितळलेला असतो, म्हावरा नरम पडायला लागलेला असतो आणि त्याच्याही आधी मालकाचं तोंड उतरलेलं असतं. काका म्हावऱ्याकडे बघत नाहीत, ते तोंड बघतात. रोज सकाळी हेच बघून त्यांनी जगाचा एकच नियम पक्का केला: विकणाऱ्याला घाई झाली की भाव उतरतो, घेणाऱ्याने नुसतं उभं राहायचं.

आता असा माणूस अलिबागच्या बाजारात जातो. कपड्यांवर पन्नास टक्के, मोबाइलवर तीस टक्के, चष्म्यावर एकावर एक फुकट, पिझ्झ्याचं कूपन, दातांची तपासणी मोफत. तो काय समजणार? अख्ख्या देशाचा म्हावरा नरम पडलाय.

"सगल्यांचीच टोपली उन्हात हाय गो," ते मला म्हणाले होते. "थांबायचं."

आणि ते थांबतात. गेल्या वर्षी छत्रीवर जूनमध्ये दहा टक्के होते, जुलैत वीस. काका निम्म्या किमतीची छत्री घेऊन आले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन इतकं कडक होतं की आळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी ती उघडून तशीच बंदरापर्यंत नेली, मान ताठ ठेवून. चपलांचा सेल उतरत उतरत इतका उतरला की दुकानात फक्त सहा नंबर उरला. काकांच्या पायाला नऊ लागतो. कूपनं मात्र एकही वाया जात नाही. ओट्याच्या भिंतीवर भाताच्या खळीने चिकटवलेली असतात, खाली दहा टक्के, वर वीस, त्याच्या वर तीस. त्यांवरच्या शेवटच्या तारखेला सगळं जग घाबरतं, काका नाही. "तारीख त्याची संपते," ते म्हणतात, "माझी काय संपते?"

हे सगळं गमतीचं होतं, फ्रीझरपर्यंत.

नर्मदाकाकी, म्हणजे काकांची बायको, बंदरावर काकांच्याच लिलावात म्हावरा घेते, पाटी डोक्यावर ठेवते आणि एसटीने नागावला जाऊन दारोदार विकते. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर ओझं बंद, नाहीतर पाय बंद. त्याच सुमाराला नागावच्या एका होमस्टेच्या वैशालीताईंनी काकीला विचारलं, की साफ केलेला म्हावरा वर्षभर आम्हालाच द्याल का? म्हावऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा तुमच्या दारात पाठवते, तुम्ही बसल्या जागी साफ करा, ठेवा, रोज लागेल तसा पाठवा. अट एकच, घरात डीप फ्रीझर पाहिजे.

काकीला गुडघा वाचवायला याहून चांगली वाट सापडणार नव्हती. पैसे होते. दोन वर्षांपासून फ्रीझरसाठीच बाजूला ठेवलेले होते. फक्त काका ऊन चढायची वाट बघत होते.

वैशालीताईही दोन वर्षं थांबल्या. यंदाचा डिसेंबर लागला. नाताळापासून नागावात पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी वैशालीताईंचा फोन आला. रेवदंड्याच्या एका बाईकडे फ्रीझर तयार आहे, रविवारी संध्याकाळपर्यंत थांबते, पुढे नाही. काकीने फोन ठेवला आणि ती सरळ माझ्याकडे आली. पाय ओढत. माझ्या उंबरठ्यावर बसली.

"तू शिकलेली. तुझं तरी ऐकतील. सांग त्यांना काय ते तुझ्या पुस्तकातलं."

मी आमच्या आळीतली पहिली पदवीधर. बाप खलाशी, आई बोंबील सुकवायची, आणि मी एम. ए. अर्थशास्त्र, अलिबागला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. हे मी सांगत असते आणि सांगत राहणार. त्यामुळे काकी असं म्हणाली तेव्हा मला नाही म्हणता येईना. तशीच उठून शेजारच्या ओट्यावर गेले.

काका कात्रीने वर्तमानपत्रातून एक चाळीस टक्के कापत होते.

"काका, सगळीकडे सूट आहे म्हणजे भाव उतरतायत असं नाही."

"बस मास्तरीन," काका म्हणाले. "टीव्ही उतरला का न्हाय?"

"उतरला. टीव्ही खरंच उतरला. बल्ब उतरले."

"एसटीत बायांना निम्मं तिकीट. उतरला का न्हाय भाव?"

"ते निम्मं कुणीतरी भरतंच, काका. तुमच्या खिशातून नाही, तर दुसरीकडून. आणि तेलावर कूपन बघितलंत? गॅसवर? बर्फावर? तुमच्याच होडीवाल्यांना डिझेलवर एकावर एक फुकट मिळतं का?"

काकांची कात्री थांबली.

"बिस्किटाचा पुडा पाचलाच आहे अजून, पण हातात घेऊन बघा, मुठीत मावतो. त्यावर सूट नाही की वाढ नाही. नुसता बारीक झालाय. आणि दुकानातल्या वस्तूवर आधीचा भाव कोण लिहितो? दुकानदारच. तो वाढवून लिहायचा आणि मग त्यातून कापायचा. तुम्ही सुरमईच्या शेपटीला पाच हजाराची चिठ्ठी लावलीत, ती खोडलीत आणि पंचवीसशे म्हणालात, तर?"

"तर तीच सुरमई मी यांच्या टालक्यात घालीन," काकी मागून म्हणाली.

"तेच तर म्हणतेय. चिठ्ठीवरचा भाव खोटा, कापणं खोटं. हातात शेवटी किती द्यावे लागले तेवढंच खरं."

मी भिंतीकडे वळले. फ्रीझरच्या जाहिराती एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या, त्याच दुकानाच्या, त्याच फ्रीझरच्या. मी बोट ठेवून वाचायला लागले. सर्वांत खाली दहा टक्के सूट, द्यायचे एकवीस हजार. वर वीस टक्के, द्यायचे तेवीस. वर तीस टक्के, साडेचोवीस. आणि काकांच्या हातातल्या ताज्या कागदावर चाळीस टक्के सूट, द्यायचे सव्वीस हजार.

"सूट चढत गेली काका, आणि भाव पण चढत गेला. दोन वर्षं तुम्ही उन्हात उभे राहिलात आणि टोपली पाच हजारांनी महाग झाली."

मला वाटलं, जिंकले. वर्गात एखाद्या पोराच्या डोक्यात प्रकाश पडतो तसं तोंड मी शोधत होते. काकांचं तोंड तसं झालं नाही. त्यांनी सावकाश चाळीस टक्क्यांचा कागद खळीत बुडवला आणि सगळ्यात वर चिकटवला.

"रविवारी बघू," ते म्हणाले. "रविवारी ऊन कडक असतं."

काकी आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी काकांना जवळजवळ ओढतच अलिबागला नेलं. दहाला दुकान उघडलं. बाहेर माणसाएवढा बोर्ड, आत दारातच तो पांढरा फ्रीझर, त्याच्यावर लाल रिबीन. काका सवयीने रस्ता ओलांडून शहाळेवाल्याच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. हात मागे.

"काका, आज नको."

"पाच मिन्टं."

साडेदहा झाले. मी आत जाऊन विक्रेत्याला विचारून आले. टाय लावलेला, गोड बोलणारा. म्हणाला, हा शेवटचा नग, पुढचा माल जानेवारीत, आणि एक तारखेपासून भाव वाढणार. बाहेर येताना मी डोकं खाजवत होते. माझं अर्थशास्त्र मला एवढंच सांगत होतं की हा माणूस खरं बोलत असेल किंवा खोटं.

"शेवटचा आहे म्हणतोय," मी काकांना सांगितलं.

"सगले तेच म्हनतात. तोंड बघ त्याचं. घाम हाय?"

"त्याच्याकडे एसी आहे, काका!"

अकरा. काकीचा फोन. मी उचलला. "घेतला काय?" मी म्हटलं, घेतोय. तिने हं म्हटलं आणि फोन ठेवला. साडेअकराला परत फोन. यावेळी तिने काहीच विचारलं नाही. नुसता श्वास ऐकू आला, आणि मागे नळाचं पाणी. मला काकांचा इतका राग आला की मी शहाळेवाल्यासमोरच बोलले.

"तिचा पाय जाईल काका. ही काय छत्री आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांचे मागे बांधलेले हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की हा माणूस भावाची वाट बघत नाहीये. दुसरंच काहीतरी आहे. पण काय ते कळेना.

बाराला एक मोठी गाडी दुकानासमोर लागली. मुंबईचं जोडपं, काळे चष्मे, नवीन बंगला घेतलेल्या माणसांची चाल. आत गेले. बाईने सरळ फ्रीझरचं झाकण उघडलं. नवऱ्याने मापाची टेप काढली. विक्रेता हात चोळत त्यांच्याकडे धावला. बाईने मान डोलावली. नवऱ्याने खिशात हात घातला.

मी काकांकडे वळले तर काका जागेवर नव्हते. ते रस्त्याच्या मध्यावर होते. एका रिक्षाने कचकन ब्रेक मारला, रिक्षावाल्याने शिवी दिली, आणि काका दुकानाच्या दारात पोचून, दोन्ही हात वर करून, बंदरावरच्या आवाजात ओरडले.

"सव्वीसऽऽ पाचशे!"

दुकान थिजलं. काकांचा लिलावाचा आवाज खाडीपलीकडे जातो, तो चार भिंतींत मावणार कसा?

"काका," विक्रेता म्हणाला, "सव्वीसच आहे..."

"सत्तावीस!" काका त्या जोडप्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "बोला! सत्तावीस एक! सत्तावीस दोन!"

दोन वर्षं भाव उतरायची वाट बघणारा माणूस, चाळीस टक्के सूट असलेल्या फ्रीझरवर स्वतःच्या तोंडाने भाव चढवत होता. बंदरावर दुसऱ्या कुणी टोपलीला हात लावला तर एवढंच करायचं असतं. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"अहो, घ्या ना तुम्ही," मुंबईचा माणूस टेप गुंडाळत, जरा मागे सरकत म्हणाला. "आम्ही फक्त आमच्या किचनमध्ये बसतो का ते बघत होतो." त्याने खिशातून हात काढला. हातात मोबाइल होता. फोटो काढायचा होता त्याला.

विक्रेता भला निघाला. सव्वीसचंच बिल करायला बसला. तर काका ऐकेनात. लिलावात तोंडातून गेला तो भाव गेला, तो मागे घेतला तर उद्या बंदरावर तोंड कसं दाखवू? विक्रेता म्हणाला, मशीन जास्तीचं बिल घेत नाही. बराच वेळ दोघं भांडले. एकजण जास्त द्यायला आणि दुसरा कमी घ्यायला. बाजारात मी हे पहिल्यांदाच बघितलं. शेवटी वरच्या हजारात फ्रीझरखालचा स्टँड आणि टेम्पोचं भाडं बसवलं.

टेम्पोत पुढे चालक आणि काकांच्या मांडीला मांडी लावून मी. मागे फ्रीझर. मी काकीला फोन करून सांगितलं, येतोय. तिने लगेच वैशालीताईंना लावते म्हणून ठेवून दिला. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते.

"काका, एक विचारू? चाळीस वर्षं आकडे पुकारता. भिंतीवर एकवीस, तेवीस, साडेचोवीस लिहिलेलं तुम्हाला दिसलं नाही?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"दिसलं ना," ते म्हणाले. "तू शिकायच्या आधीपास्नं दिसतंय. मी काय आंधला हाय?"

"मग?"

चालकाने गाणं लावलं होतं. काकांनी हात पुढे करून ते बारीक केलं.

"ती वैशाली म्हनते, गाडी दारात येनार. म्हंजे ही बंदरावर येनार न्हाय."

मी म्हटलं, तेच तर चांगलं, गुडघा वाचेल.

"वाचंल ना. मी कुठं न्हाय म्हनतो?" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी आमी काय बोलतो गो? मीठ कमी हाय. नल आयला. झोप. पोरगी लग्न होऊन गेली त्याला बारा वर्सं जाली. लिलावात सगल्या बाया टोपलीकडं बघतात. ही माझ्या तोंडाकडं बघते. मी कुठं थांबनार, ते हिला आधी कलतं. बाकीच्या बोलत राहतात, ही बरोबर त्याच वक्ताला बोट वर करते. तेवढंच. रोज. पहाटेचं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एकदा पन स्वस्त दिली न्हाय मी तिला. इचार कुनालाही."

"माहीत आहे काका."

"पन बघते ना."

सूट, भाव, चिठ्ठी, हे सगळं मी शुक्रवारी ओट्यावर किती ठसक्यात सांगितलं होतं ते आठवून माझे कान तापले. सांगितलं ते चुकीचं नव्हतं. फक्त ज्याला सांगितलं त्याला ते आधीच ठाऊक होतं.

घरी आलो. चौघांनी फ्रीझर उतरवला. काकी पदर खोचून दारात उभी होती. तिने झाकण उघडलं, आत हात घालून बघितलं, तळाला बोटाने टिचकी मारली.

"कितीला पडला?"

"सत्तावीस," काका म्हणाले. "स्टँड धरून."

"महाग पडला," काकी म्हणाली, पण तिचा हात झाकणावरून फिरत राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "वैशालीशी बोलले मी. ठरलं सगलं. फकस्त तिला सांगितलं, गाडी नको."

"गाडी नको?" मी म्हटलं. मी कुणाला काही बोलले नव्हते. टेम्पोतून उतरून दोन मिनिटंही झाली नव्हती.

"गाडीतला म्हावरा कवाचा आसतो, कोन बघनार? माझ्या हातनं जानार तो मी बघूनच घेनार. बंदरावरनं." तिने गुडघ्यावर हात दाबला. "डोक्यावर न्हाय घेनार, डाक्टरला सांग. रिक्षा करीन. बसायला एक पाट नेईन. म्हाताऱ्या झाल्या की बाया बसून घेतात लिलाव, कोन काय बोलतंय?"

काका फ्रीझरच्या मागे वाकून, कोपऱ्यांना लावलेले थर्माकोलचे तुकडे काढत होते. चारही निघाले होते. तरी त्यांनी मान वर केली नाही, निघालेला एक तुकडा परत कोपऱ्याला लावला आणि पुन्हा काढायला घेतला.